शिडीपेक्षा मातृवृक्षाची उंची बघा

प्रश्न : आमची हापूस कलमांची रोपवाटिका आहे. गेल्या आठवड्यात कलमासाठी झाडावरून काड्या काढताना शिडी सरकली आणि गडी पडला, मनगट मोडले. यापुढे काय काळजी घ्यावी? काही मदत मिळते का? (एक रोपवाटिकाधारक, ता. राजापूर)

उत्तर : आधी गड्याचे बघा. हाड जुळेपर्यंत त्याची मजुरी थांबवू नका.

कोयकलमांचा, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधण्याचा, हंगाम ऐन पावसात येतो. त्यात काडीवरचे डोळे (कोंब) फुगावेत म्हणून आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून पाने कापायची आणि मग काडी काढायची. म्हणजे एकाच फांदीसाठी माणूस दोनदा वर जातो, तेही ओल्या शिडीने. म्हणून नव्या शिडीवर पैसे घालण्याआधी मातृवृक्षच, म्हणजे ज्यांच्या काड्या घेता ती झाडेच, बुटके करा, असे मी आग्रहाने सांगेन. पाऊस ओसरला की मधल्या उभ्या फांद्या काढा, कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा आणि खोडकिड्यावर लक्ष ठेवा. सगळी झाडे एकदम छाटू नका, नाहीतर पुढच्या हंगामात काडीच मिळणार नाही. तोवर लांब दांड्याची कात्री वापरा.

शिडी लावावीच लागली तर बारा फूट उंचीला पाय बुंध्यापासून तीन फूट लांब हवेत. चिखलात पायांखाली फळी घाला, वरचे टोक जाड फांदीला बांधा आणि खाली एक माणूस धरायला ठेवा. बांबूच्या शिडीचा सुंभ दर हंगामात सोडून बघा. एका बागेत वरून चांगली दिसणारी गाठ मी सोडली, तर आतला सुंभ कुजून भुगा झाला होता. काड्यांची जुडी हातात घेऊन उतरू नका, पिशवीत घालून दोरीने खाली सोडा. वरून विजेची तार जात असेल तिथे ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नका.

पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील तर त्याला उचलून बसवू नका. आहे तसाच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

मदतीचे स्पष्ट सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यासच मिळते, तेही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीलाच. बाहेरचा गडी त्यात बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खाते हवे. अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. साधे हाड मोडल्याचा खर्च मात्र यातून निघत नाही, तो मालकानेच करावा. गड्यांना सोबत घेऊन बँकेत जा आणि अर्ज स्वतः भरून द्या.