पूलची स्वतःची स्टिक घेताना काय पाहावं?

कुडाळला आठवड्यातून तीनदा पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल भोकांत घालायचा खेळ, खेळता, हात जोराचा आहे, तेव्हा स्टिक जड घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. नको. जोर वजनातून कमी आणि हाताच्या वेगातून जास्त येतो, आणि जड काठी तेवढ्या वेगाने फिरत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझी पहिली स्टिक २१ औंसची, म्हणजे जवळपास ५९५ ग्रॅमची. लांबचे बॉल धडाधड जायचे, पण अलगद मारायची वेळ आली की पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल, दोन हात पुढे. डाव संपवणाऱ्या आठ नंबरच्या बॉलवर कितीदा हरलो, मोजलंच नाही. आता १९ औंसची वापरतो. ५८ इंच लांबी बहुतेकांना पुरते, तुम्ही सहा फुटांच्या बरेच वर असाल तरच जास्त लांबीची बघा. टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोकावरचं टोपण, साधारण १३ मिलिमीटरची असू दे. दुकानदार स्नूकरची स्टिक गळ्यात मारू बघतो. तिची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटर, ती ५२.५ मिलिमीटरच्या बॉलसाठी. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा आणि वजनालाही जास्त.

तुमचा खेळ कसा आहे हे ओळखायचं, तर साइड किती देता, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या डावी-उजवीकडे किती मारता, ते बघा. एक करून पाहा. पांढरा टेबलाच्या एका टोकाला ठेवा आणि समोरच्या कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाच्या, मध्यावर नेम धरून, उजवी साइड देऊन जोरात मारा. बॉल निघतानाच किंचित डावीकडे सरकलेला दिसेल. स्टिकच्या पुढच्या टोकाचं वजन बॉलला बाजूला ढकलतं, म्हणून हे होतं. टोक जितकं हलकं तितकं सरकणं कमी. ‘लो डिफ्लेक्शन’ (कमी सरकवणाऱ्या) शाफ्टचे, म्हणजे स्टिकच्या पुढच्या भागाचे, जास्तीचे पैसे त्याचेच. तुम्ही दर दुसऱ्या शॉटला साइड देत असाल तर ते वसूल होतात. पांढऱ्याच्या मध्यावरच, फार तर वर-खाली मारत असाल तर साधी मेपलच्या लाकडाची घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली टिप बसवा. आणि जुन्या काठीवर वर्षानुवर्षं साइड देऊन खेळलेल्या माणसाचा डोळा ते सरकणं धरूनच नेम घेतो. शाफ्ट बदलला की सुरुवातीला त्याचे सोपे बॉलही चुकतात. माझे चुकले.

टिप मिडियम घ्या. मऊ टिप चॉक (घसरू नये म्हणून लावायची खडू) छान धरते पण लवकर चपटी होते. कडक टिप ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या जोरदार फटक्याला, बरी. ब्रेकला क्लबातलीच एखादी जुनी काठी वापरा, स्वतःच्या काठीवर घाव घालू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण: हवा. ती २१ औंसवाली मी जूनमध्ये पडवीत भिंतीला टेकवून ठेवली होती. क्लबवाल्या काकांनी आधीच सांगितलं होतं, “भितीक टेकवन ठेवू नको, वाकतली.” गणपतीत काढून टेबलावर लोळवली, तर पुढचं टोक बेडकासारखं उड्या मारत होतं. लाकूड दमट हवेत ओलावा पिऊन फुगतं, सुकताना आकसतं, आणि त्यात टेकवून ठेवलेली काठी बाक धरते. म्हणून दोन भागांत सुटणारी स्टिक घ्या, कडक केसमध्ये आडवी ठेवा, आत सिलिकाच्या पुड्या टाका. कौलांखालच्या माळ्यावर किंवा मे महिन्यात गाडीत नको. कार्बन फायबरच्या शाफ्टला ही भानगड नाही. किंमत परवडली तर किनाऱ्यावर राहणाऱ्याने तोच घ्यावा, असं माझं मत.

मुठीवरचं सुती दोऱ्याचं वेष्टण घाम शोषतं, पण आपल्या घामापुढे त्याचं काही चालत नाही, महिन्याभरात काळंकुट्ट होतं. मला वेष्टण नसलेली, नुसती पॉलिश केलेली मूठ बरी वाटते. काठी ज्यावरून सरकते त्या पुढच्या हाताला ग्लव्ह घाला. हात सरकता राहावा म्हणून लावतात ती टाल्कम पावडर टेबलाच्या दमट कापडावर चिकटून टेबल आणखी मंद करते, आणि पावसाळ्यात ते आधीच मंद असतं.

ऑनलाइन मागवलीत तर पार्सल उघडल्या उघडल्या दोन्ही भाग वेगवेगळे लोळवून पाहा, मग जोडून. टोक थरथरलं तर परत करण्याची मुदत आहे तोवरच पाठवून द्या.