लक्षद्वीपच्या समुद्रम क्रूझमध्ये सगळ्यात चांगला बीच कोणत्या बेटावर? कवरत्ती, कल्पेनी की मिनिकॉय?

कल्पेनी.

नुसतं बीचचं विचारलं असतंत तर एका शब्दात काम झालं असतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत, जहाजातून लहान बोटीत रोज उतरणं त्यांना झेपणार नाही, म्हणून तीनपैकी एका बेटाच्या दिवशी त्यांना जहाजावरच ठेवायचं ठरवलंय आणि ते बेट कोणतं असावं हे हवंय. ते वाचलं आणि राहवेना. अगदी याच गोष्टीवरून आमच्या घरात वाद झाला होता आणि तो अजूनही मिटलेला नाही.

आम्ही गेलो तेव्हा मी, माझे मिस्टर, सासूबाई, नणंद आणि नणंदेचे यजमान असे सगळे होतो. भावोजींनी निघण्याआधीच पुष्कळ व्हिडिओ बघून सगळं ठरवून टाकलं होतं. बीच म्हणजे मिनिकॉय. कवरत्ती राजधानी आहे म्हणून बघून घ्यायची. कल्पेनी मधलं बेट, तिथे विशेष काही नाही, तेव्हा आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या दिवशी जहाजावर विश्रांती. हे सगळं आईंच्या समोर बसून चाललेलं, आणि आईंना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. "आई, तुमचे गुडघे बघता तेच बरं," एवढं सांगून विषय संपवला.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. समुद्राकडे बघायची आमच्याकडची रीत वेगळी आहे. वाळू किती पांढरी हे आम्ही बघत नाही, लाट कुठे फुटते ते बघतो. आमच्याकडे ती पायाशी फुटते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. म्हणून आमच्या घरातली जाणती माणसंसुद्धा पाण्यात जपून जातात. लक्षद्वीपला लाट लांबवर, प्रवाळाच्या कडेवर फुटते. किनाऱ्यावरून ती नुसती पांढरी रेघ दिसते. आतल्या बाजूला राहतं ते लगून. त्यात पाणी असतं, पण समुद्राचा जोर नसतो. शाळेच्या भूगोलात कंकणद्वीप म्हणून जे घोकलं होतं ते हेच. म्हणून व्हिडिओ बघून 'कोणती वाळू जास्त सुंदर' हे ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. वाळू तिन्ही बेटांवर पांढरीच आहे, कारण ती प्रवाळाचाच चुरा आहे. त्यातली बरीचशी पोपटमाशाच्या पोटातून आलेली असते. तो प्रवाळ चोचीने खरवडून खातो आणि मागे वाळू सोडतो. बघायचं ते लगून, आणि लगूनच्या बाबतीत कल्पेनी उजवी आहे.

कल्पेनीचं तसं का ते सांगते. कल्पेनी, तिच्याजवळची तिलाक्कम आणि पिट्टी ही छोटी बेटं आणि उत्तरेचं निर्मनुष्य चेरियम, ही सगळी एकाच प्रवाळाच्या कड्यात आहेत. पर्यटकांना नेतात ती जागा म्हणजे कूमेल. बाकदार उपसागर आहे आणि समोरच तिलाक्कम-पिट्टी दिसतात. आम्ही होतो तिथे चालत चालत पुष्कळ आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नव्हतं, आणि तळ स्वच्छ दिसत होता. याच बेटाची पूर्वेची बाजू बघाल तर विश्वास बसणार नाही. तिथे प्रवाळाच्या मोठमोठ्या दगडांचा बांधच्या बांध पडलाय. १८४७ च्या वादळात समुद्राने ते वर फेकले असं मानतात. तिकडे पोहायचं नाव काढू नका, पण जाऊन उभे नक्की राहा. बाहेरचा समुद्र काय करू शकतो हे तिथे दिसतं, आणि मग कूमेलच्या पाण्याची किंमत कळते.

आता उतरण्याचं. तुमची सगळी भीती त्याचीच आहे.

जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या थोडं वर, एक दार उघडतात आणि तिथे बेटावरची बोट येऊन लागते. बोट एक क्षण दाराच्या पातळीला असते, दुसऱ्या क्षणी हातभर खाली. दारात दोन खलाशी, बोटीत दोन. ते तुमचा हात बोटांना धरत नाहीत, मनगटाच्या वर धरतात आणि तुम्हीही त्यांचं मनगट तसंच धरायचं. बोट वर आली की ते सांगतात, त्याच वेळी पाय टाकायचा. मध्येच थबकायचं नाही, स्वतःच्या अंदाजाने तर मुळीच उडी मारायची नाही. एवढीच विद्या आहे. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल आणि पायात सुटी चप्पल असलेली तरुण पोरं तिथे जास्त धडपडताना बघितली मी. म्हातारी माणसं सांगितलेलं ऐकतात, म्हणून नीट उतरतात.

कल्पेनीच्या सकाळी भावोजी आईंना म्हणाले, "तुम्ही वरच थांबा, खाली बोट फार हलतेय." आई माळकरी. आषाढीला तुडुंब गर्दीत चंद्रभागेत उतरून स्नान करणारी ही बाई. तिला पाण्याची भीती घालायची? आईंनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "यायचंय का?" त्या म्हणाल्या, "एवढं लांब आणलंत ते समुद्र खिडकीतून बघायला का?" मी त्यांचा पदर खोचून दिला, चपला माझ्या पिशवीत टाकल्या. खलाशांना त्यांचे गुडघे दुखतात एवढं खुणेने सांगितलं. त्यांनी एक बोट सोडली, लाट बसेपर्यंत थांबले आणि मग त्यांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. भावोजी आमच्या मागून उतरले आणि रागावलेले होते. सगळ्या बोटीसमोर मला म्हणाले की काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, माझी.

बोट प्रवाळातल्या वाटेने आत शिरते ना, ती जागा लक्षात ठेवून बघा. निळंशार पाणी एकदम हिरवट होतं आणि त्याच ठिकाणी बोटीचं हलणं थांबतं. आईंनी तोवर फळी घट्ट धरून ठेवली होती. तिथे त्यांची पकड आपोआप सुटली.

कूमेलला त्या आधी काठावर बसल्या, मग घोट्याएवढ्या पाण्यात, मग माझा हात धरून पार कमरेएवढ्या. तिथे "पुंडलिक वरदे" म्हणून त्यांनी बुडी मारली. वर आल्या आणि पुन्हा मारली. समुद्राचं पाणी अंगाला उचलून धरतं, त्यामुळे ज्या गुडघ्यांवर त्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत त्या गुडघ्यांनी त्या पाण्यात आरामात चालत होत्या. पायाशी बोटाएवढे मासे फिरत होते. एक काळी समुद्रकाकडी वाळूत पडलेली, भरताच्या वांग्यासारखी. ती काय आहे, जिवंत आहे का, खाते काय, सगळं विचारून झालं. जेवायला हाका मारल्या तरी बाहेर यायला तयार नव्हत्या. भावोजींनी तेवढ्या वेळात कायाक चालवून घेतली, किनाऱ्यावरून फोटो काढले आणि आम्हाला दोनदा सांगितलं की खरा बीच उद्या आहे.

उद्या म्हणजे मिनिकॉय. तिथली सगळी मजा मी मान्य करते. बेट म्हणून मिनिकॉय तिन्हींत भारी आहे आणि यावर मी कुणाशी भांडणार नाही. बाकीच्या बेटांपासून ते नऊ अंशाच्या खाडीने, म्हणजे नऊ अक्षांशावरच्या समुद्राच्या रुंद पट्ट्याने, तुटलेलं आहे, मालदीवला जवळ. भाषासुद्धा मलयाळम वळणाची नाही, महल बोलतात. १८८५ चं दीपगृह आहे, त्याच्या वरून लगून चंद्रकोरीसारखं दिसतं. टूना तिथे जाळ्याने धरत नाहीत. जिवंत छोटे मासे पाण्यात सोडून टूनाला वर बोलावतात आणि गळाच्या काठीने एकेक उचलतात. कोकणातल्या माणसाने ही मासेमारी तरी बघायलाच हवी. शर्यतीच्या लांब, रंगवलेल्या होड्या बघा, गावं बघा, किती नीटनेटकी ठेवलीत.

पण प्रश्न बीचचा होता ना? मिनिकॉयला दिवसाचा मोठा भाग गाडीत बसण्या-उतरण्यात, दीपगृहाच्या वळणाच्या जिन्यावर आणि गावात गेला. पाण्याशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. आई दीपगृहाच्या खाली सावलीत बसून राहिल्या. टूना शिजवून वाळवतात तिथला वास माळकरी माणसाला सहन होईना. मला तो वास माहेरचा, मी खूश होते, पण त्यांच्या नाकाला पदर होता. दीपगृहावरून भावोजींनी काढलेले फोटो अप्रतिम आहेत. आजही घरात कुणाचं लग्न असो की बारसं, ते फोटो दाखवतात आणि म्हणतात, लक्षद्वीपला जायचं तर मिनिकॉयसाठी. मग आईंना विचारा, तुम्हाला काय आठवतं? त्या मिनिकॉयचं नावसुद्धा घेत नाहीत. "ते बुडी मारली ते गाव," असं म्हणतात. बीच वरून बघायला चांगला असणं आणि त्यात उतरायला चांगला असणं या दोन गोष्टी आहेत. क्रूझवर दिवस मोजके असतात, आणि मी दुसऱ्यालाच मत देणार. भावोजी हे उत्तर वाचतील की नाही माहीत नाही. वाचलंत तर हेच माझं म्हणणं होतं, तेव्हाही आणि आजही.

कवरत्तीचं थोडक्यात सांगते. लगून छान, काचेच्या तळाची बोट आहे, मत्स्यालय आहे, उज्रा मशिदीचं लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं. खोल समुद्रातल्या थंड पाण्याच्या मदतीने खाऱ्याचं गोडं करणारा प्रकल्प २००५ मध्ये तिथे सुरू झाला, रोज एक लाख लिटरचा. माझ्या मिस्टरांनी निम्मा दिवस त्याच्याच गप्पा मारल्या. पण वस्ती आणि ये-जा जास्त आहे, कल्पेनीची निवांतता तिथे नाही.

तेव्हा कोणतं बेट गाळायचं? मी तुमच्या जागी असते तर घरून काहीच ठरवलं नसतं. त्या दिवशी सकाळी दाराशी जाऊन बोट किती हलतेय ते आई-बाबांनाच बघू द्या, आणि मग त्यांनाच विचारा. एखाद्या सकाळी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तुम्हीही उतरू नये. एखाद्या सकाळी लहान मूलसुद्धा चालत जाईल इतका शांत असतो. पुण्यात बसून तुम्ही मिनिकॉय गाळलंत आणि नेमका कल्पेनीला समुद्र खराब निघाला तर काय करणार? आणि कृपा करून 'ठेवायचं' म्हणू नका. तिकीट त्यांच्याही नावाचं आहे.

हे सगळं म्हटलं तरी, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, चक्कर येत असेल, एका हाताने धरताच येत नसेल, तर माझं ऐकून उतरवू नका. डॉक्टरांना आधी विचारा, आणि जहाजावर चढल्या चढल्या तिथल्या लोकांना सांगून ठेवा. ते मदत करतात, पण आधी सांगावं लागतं. जहाज लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग नाही. पाण्यात जायला मागून पट्टा असलेले रबरी सँडल घ्या, प्रवाळाने पाय कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. पायाखाली वाळू आहे तिथेच चाला. प्रवाळावर उभं राहिलात तर तुमचा पाय तर कापतोच, शिवाय तो जीवही मरतो. समुद्रकाकडी आणि प्रवाळ दोन्ही वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला पांढरा तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही. दारू या तिन्ही बेटांवर बंद आहे आणि गावातून फिरताना अंगभर कपडे हवेत, बाबांना हेही सांगून ठेवा.

जायचं ते पावसाळा सोडून. माझा कल डिसेंबर ते मार्चकडे, तेव्हा समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. परवान्याचे कागद आई-बाबांचेच आधी पूर्ण करा. परवान्याशिवाय जहाजावर घेत नाहीत, आणि वयस्कर माणसांच्या आधार आणि पॅनवरची नावं जुळत नाहीत हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे.