रीडिंगला सात हवेत, हातात अडीच महिने: शब्दांची यादी बाजूला ठेव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तासगावची आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मिरजेत चार वर्षं स्टाफ नर्स. इंग्लंडमधल्या नर्सच्या नोंदणीसाठी आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, सरावात रीडिंगला, म्हणजे वाचनाच्या भागाला, नऊपैकी साडेपाचच्या वर आकडा सरकत नाही आणि परीक्षेला अडीच महिने उरलेत. व्याकरणाचं कुठलं पुस्तक पाठ करू आणि रोज किती शब्द करू, असं विचारलं आहेस. ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते.

मी याच वाटेनं गेले आहे. तेव्हा मीही मिरजेत ड्यूटी करायचे आणि सांगलीत राहायचे. एका क्लासनं शब्दांची जाडजूड यादी हातात दिली होती. रोज पन्नास शब्द, समोर मराठी अर्थ. येता-जाता बसमध्ये घोकायचे. परीक्षेत त्यातले कितीतरी शब्द खरंच आले, अर्थही आठवले, आणि रीडिंगला सहा मिळाले. घरी येऊन खूप रडले. फीचे पैसे बाबांनी बेदाण्याच्या पट्टीतून दिले होते. पुढे शांत डोक्यानं विचार केला तेव्हा कळलं की शब्द मला अडले नव्हतेच. वाक्यात कोणी काय केलं, हेच मला पटकन दिसत नव्हतं. दुसऱ्या खेपेला यादी बंद केली, वाचायची पद्धत बदलली आणि साडेसात आले. पुढे चार वर्षं तिकडे नोकरी करून परत आले. आता दर रविवारी घरी तीन-चार मुलींचा अभ्यास घेते आणि त्या सगळ्या मी अडखळले होते तिथेच अडखळतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. व्याकरण, शब्द आणि वाचन यांच्या तीन वेगळ्या वह्या करू नकोस. रोज एक पान घे आणि त्याच पानातून तिन्ही काढ.

आधी आकड्यांचा हिशेब बघू, म्हणजे किती चढायचं आहे ते कळेल. रीडिंगला तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द असतात. चाळीसपैकी २३ च्या आसपास बरोबर आले की सहा, ३० च्या आसपास आले की सात. म्हणजे तुला अजून आठ-दहा उत्तरं बरोबर आणायची आहेत. तेवढ्यासाठी तीन हजार शब्द लागत नाहीत. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमध्ये सात आणि रायटिंगमध्ये साडेसहा लागतात, हे तुला माहीत असेलच.

आता आपण नेमक्या कुठे अडतो ते सांगते. हे वाक्य बघ: 'द पेशंट्स गिव्हन द न्यू ड्रग स्लेप्ट बेटर.' घाईत वाचलं की वाटतं पेशंटनी काहीतरी दिलं, आणि मग 'स्लेप्ट' आलं की गोंधळ. मराठीत आपण 'नवं औषध दिलेले पेशंट' म्हणतो. विशेषण झालेली क्रिया नामाच्या आधी येते आणि खरं क्रियापद वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत ती क्रिया नामाच्या मागे जाऊन बसते, म्हणजे जणू 'पेशंट, नवं औषध दिलेले, झोपले'. परीक्षेतल्या लांब वाक्यांत कर्ता आणि खरं क्रियापद यांच्यामध्ये असं दहा-बारा शब्दांचं लटांबर असतं. आपलं मन शेवटच्या क्रियापदाची वाट बघत राहतं, इकडे वाक्य कधीच पुढे गेलेलं असतं. मग आपण तेच वाक्य चार वेळा वाचतो आणि वेळ तिथेच जातो.

त्यामुळे पहिले तीन आठवडे एकच काम कर. पानातल्या प्रत्येक वाक्याचं खरं क्रियापद शोधून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मार आणि त्याचा कर्ता गोलात घे. बाकी काही नाही. कंटाळवाणं आहे, पण सर्वांत जास्त फरक मला यानंच पडला. तिसऱ्या आठवड्यात रेघ न मारताही क्रियापद आपोआप दिसायला लागतं.

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलंस तर 'नाउन म्हणजे काय' यातच आठवडा जाईल. मराठी आपल्याला जिथे ओढते तेवढंच आधी बघ.

पहिली ओढ जोडीची. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' येणारच, 'जेव्हा' आलं की 'तेव्हा', 'जो' आला की 'तो'. म्हणून आपल्या हातून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट' असं लिहिलं जातं. इंग्रजीला जोडीतला एकच शब्द चालतो, 'ऑल्दो' तरी किंवा 'बट' तरी. वाचताना याचा उलटा त्रास होतो. 'ऑल्दो'नं सुरू झालेल्या वाक्यात आपण 'बट' शोधत राहतो, तो येतच नाही, आणि लेखकाचं खरं म्हणणं स्वल्पविरामानंतर सुरू झालं हे निसटतं.

दुसरी ओढ काळाची. 'गेली चार वर्षं मी मिरजेत काम करतेय' हे आपलं सरळ वाक्य, म्हणून आपण 'आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स' म्हणतो. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर फोर इयर्स' हवं. किती काळ ते सांगायला 'फॉर', कधीपासून ते सांगायला 'सिन्स'. हे फक्त बोलण्यापुरतं नाही. 'शी वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स' म्हणजे काम संपलं, 'शी हॅज वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स' म्हणजे अजून चालू आहे. एवढ्याशा 'हॅज'वर प्रश्न बेतलेला असतो.

तिसरी ओढ प्रश्नाच्या पोटातल्या प्रश्नाची: 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' असं न म्हणता 'व्हेअर ही लिव्ह्ज'. ही चूक रायटिंग-स्पीकिंगला नडते, रीडिंगला फारशी नाही. 'अ', 'द' यांचंही तसंच. आपल्या भाषेत ते नाहीतच, अडीच महिन्यांत पूर्ण बसणार नाहीत. त्यांच्यामागे फार लागू नकोस. मोठ्यानं वाचत गेलीस की कानाला थोडेफार कळायला लागतात.

शब्दांचं आता. आपण 'मुसळधार पाऊस' म्हणतो, 'कडाक्याची थंडी', 'रणरणतं ऊन'. 'कडाक्याचा पाऊस' म्हटलं तर घरातलं लहान मूलही हसेल. इंग्रजी शब्दांनाही असेच शेजारी असतात. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', निर्णय 'मेक' करायचा, संशोधन 'कंडक्ट' करायचं. म्हणून वहीत एकटा शब्द कधी लिहू नकोस. पानात तो ज्या शेजाऱ्याबरोबर आला त्याच्यासकट, सगळा तुकडा उचल. रोज आठ तुकडे पुरे. सोबत त्या शब्दाचं कुटुंब: 'प्रोड्यूस', 'प्रॉडक्ट', 'प्रोडक्शन', 'प्रोडक्टिव्ह'. उताऱ्यात एक भाऊ असतो आणि प्रश्नात दुसरा.

आणि ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपासून जप. आपल्याकडे 'हॉटेल'मध्ये मिसळ खायला जातात, तिकडे हॉटेलमध्ये मुक्कामाला जातात. आपण कॉलेजातून 'पासआउट' होतो, पण 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणं, हे तर तुला वॉर्डातच लागेल. मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांची अशी वेगळी यादी कर. ही एक यादी मात्र खरंच उपयोगाची आहे.

पान कुठलं घ्यायचं? सुरुवात आपल्या गावच्या विषयानं कर. माहिती ओळखीची असली की सगळं लक्ष भाषेवर राहतं. मी मुलींना कोयनेपासून सुरू करायला सांगते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनानगरचा भूकंप आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी ऐकलेला असतो. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होतात का, यावर शास्त्रज्ञांनी कोयनेच्या निमित्तानं भरपूर लिहिलंय आणि तो अगदी अकॅडमिक उताऱ्यासारखाच विषय आहे. दुसरं कास पठार, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. सोप्या इंग्रजीतल्या विकिपीडियावर त्या विषयाचं पान असेल तर ते आधी वाच, मग मोठ्या विकिपीडियावरचं. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी कशी सांगतात ते दिसतं आणि परीक्षेत तेच तर विचारतात. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्न इंग्लिश'वर पातळीप्रमाणे वाचनाचे पाठ फुकट आहेत, तेही घे.

कोयनेवरचं वाचताना 'मे', 'अपिअर्स टु', 'इज थॉट टु', 'लाइकली' असे शब्द सारखे भेटतील. आपलं 'असावं', 'बहुधा', 'म्हणतात' तेच हे. शास्त्रज्ञ ठाम बोलत नाहीत. उताऱ्यात 'होत असावं' असेल आणि प्रश्नात 'होतं हे सिद्ध झालंय' असेल, तर 'ट्रू' लिहिणारा फसतो.

'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन', म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही ते ओळखायचं, हा तुझा सर्वांत कच्चा भाग आहे असं लिहिलं आहेस. तो आधी मराठीतच समजून घे, इंग्रजी मध्ये आणूच नको. समज उतारा असा आहे: 'सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवत. २००५ च्या महापुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं.' आता चार विधानं. 'हरिपुरात हळद जमिनीखाली ठेवली जायची': ट्रू, शब्द बदलले पण गोष्ट तीच. 'महापुरात हरिपूरची सगळी पेवं कोरडी राहिली': फॉल्स, उतारा उलट सांगतो. 'त्याआधी पेवांत कधीच पाणी शिरलं नव्हतं': नॉट गिव्हन, आधीबद्दल उतारा गप्प आहे. 'पुरामुळे हळद साठवणाऱ्यांचं नुकसान झालं': इथे सांगलीचं माणूस हटकून 'ट्रू' लिहितं, कारण २००५ चं पाणी आपण पाहिलंय आणि २०१९ चंही. पण नुकसान झालं असं उताऱ्यात कुठेच म्हटलेलं नाही. नॉट गिव्हन. आपलं ज्ञान दाराबाहेर ठेवायचं, कागदावर बोट ठेवता आलं तरच 'ट्रू' किंवा 'फॉल्स'. अशी मराठी बातमीवरून स्वतः रोज पाच विधानं तयार कर. प्रश्न काढणाऱ्याच्या जागी बसलीस की त्याच्या खोड्या कळतात. माझ्याकडच्या मुलींना आठवड्याभरात फरक पडतो.

एका पानाला रोज पाऊण तास धर. एकदा शब्दकोशाशिवाय सलग वाचायचं, न कळलेलं सोडून द्यायचं. मग क्रियापदांच्या रेघा. मग आठ तुकडे वहीत. शेवटी मोठ्यानं वाचन. दुसऱ्या दिवशी नवं पान उघडण्याआधी कालच्या पानातलं आठवेल तेवढं पाच वाक्यांत इंग्रजीत लिही आणि पानाशी ताडून बघ. तुझं व्याकरण तिथेच दुरुस्त होईल. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात नवीन पान घेऊच नकोस, फक्त जुनी पानं मोठ्यानं वाच. थकलेल्या डोक्यानं केलेला अभ्यास माझा तरी कधी टिकला नाही.

पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवायचे ते सहाव्या आठवड्यापासून, आठवड्याला दोनच. पेपर सोडवायला एक तास लागत असेल तर चुका तपासायला दोन तास दे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: शब्द अडला, क्रियापद चुकलं, स्वतःचं ज्ञान घुसवलं की वेळ संपला. दोन-तीन पेपरांतच कळेल की बहुतेक चुका एका-दोन कारणांच्या आहेत. मग त्यावरच काम कर.

परीक्षेतल्या गोष्टी थोडक्यात. रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून पेपर कागदावर असेल तर उत्तर थेट उत्तरपत्रिकेत. चुकीला गुण कापत नाहीत, एकही जागा रिकामी सोडू नको. 'नो मोर दॅन टू वर्ड्स' असेल आणि तीन लिहिलेस तर उत्तर बरोबर असूनही गेलं. स्पेलिंग चुकलं तरी गेलं. 'ट्रू-फॉल्स'ची उत्तरं उताऱ्यात क्रमानं येतात, तिसरं सापडलं की चौथं त्याच्या खालीच शोध. परिच्छेदांना मथळे जुळवायचे प्रश्न मात्र त्या उताऱ्यात शेवटी घे, तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो.

अजून एक. तू नर्स आहेस, तर ओईटी या परीक्षेचा नमुना पेपरही एकदा बघ. ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे आणि ब्रिटनचं कौन्सिल तीही मान्य करतं. तिचं रीडिंगही साठ मिनिटांचंच, ४२ प्रश्न, पण पहिल्या पंधरा मिनिटांत वीस प्रश्न संपवावे लागतात. उतारे मात्र औषधं, पेशंट, वॉर्डातल्या सूचना असे. काहींना ते घरचं वाटतं, काहींना सुरुवातीचा वेग झेपत नाही. फी भरण्याआधी दोन्हीचा एकेक पेपर घड्याळ लावून सोडव आणि मग ठरव.

या आठवड्यात कोयनेचं एक पान आणि बाकी तुझ्या आवडीची चार, अशी पाच पानं कर. ज्या वाक्यांची क्रियापदं सापडली नाहीत ती इथेच खाली जशीच्या तशी टाक. रविवारी दुपारी मुली गेल्या की मी बसून बघते.