नाल्याकाठची जमीन आणि वाळा

नाग नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठी आपली अर्धा एकर जमीन आहे, पावसाळ्यात तीत नाल्याचे पाणी शिरते, आणि वाळा व कर्दळ लावून ती दोन वर्षांत पालेभाजीयोग्य होईल का, असे आपण विचारले आहे. पाणी या मार्गाने बरेच सुधारते. माती दोन वर्षांत नाही.

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण झाड खात नाही. कर्दळ किंवा पाणकणीस यांच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू ती कुजवतात, आणि त्यातून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर झाड पोसते. आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत, म्हणजे खडीच्या थरात लावलेल्या झाडांमधून सांडपाणी सोडणे, याच तत्त्वावर चालते. पाणी आधी टाकीत निवळू द्यावे, नाहीतर खडी चोंदते. आणि ते खडीच्या आतूनच वाहावे, कारण उघडे डबके म्हणजे डासांची पैदास.

शिसे, कॅडमियम हे जड धातू मात्र कुजत नाहीत. झाड फार तर त्यांची जागा बदलते. मोहरीसारखे पीक धातू पाल्यात ओढते, पण तो पाला दरवेळी कापून शेताबाहेर नेला नाही, किंवा खतात अथवा गुरांच्या चाऱ्यात गेला, तर सारे श्रम फुकट. शिवाय आपली काळी माती चिकण, चुनखडीची आणि अल्कधर्मी असल्याने शिसे घट्ट धरून ठेवते. त्यामुळे भाजीत ते कमी उतरते हे खरे, पण त्याच कारणाने झाडांनी ते उपसणे अनेक वर्षांचे काम होते. (नाल्याकाठी आपोआप माजणारे बेशरमाचे झुडूप पाहून जमीन सुधारत असल्याचा समज करून घेऊ नये, ते कुठेही माजते.)

म्हणून आधी मातीतील जड धातूंची तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या सरकारी माती तपासणीतून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत जस्त, तांबे असतात, तेही पिकाच्या पोषणापुरते. शिसे आणि कॅडमियम नसतात. त्याचबरोबर बांध घालून नाल्याचे पाणी अडवावे, अन्यथा दर पावसाळ्यात नवा गाळ येत राहील. धातू आढळल्यास पालक, मेथी टाळून झेंडू घ्यावा.

वाळा बांधावर जरूर लावा. त्याची मुळे खोल जाऊन काठ धरून ठेवतात, आणि ओढलेला धातू बहुतांशी मुळांतच राहतो. तेवढ्यासाठीच या जमिनीतल्या वाळ्याची जुडी उन्हाळ्यात पिण्याच्या माठात टाकू नका.