सीलचा मेंदू आणि तिसरी नीट

पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय, मुलीच्या वडिलांचं. मुलगी दोनदा नीटला बसली, दुसऱ्या खेपेला ७२० पैकी ४३१. आता तिसऱ्या वर्षासाठी लातूरचा क्लास ठरलाय. अडचण अशी की ती बायोलॉजीच्या वहीत मागच्या पानांवर सीलचे मेंदू काढत बसते. वडिलांच्या मते हे ‘परदेशातलं खूळ’, आणि त्यापायी ती अभ्यासातून भरकटलीय. वडिलांनी ती वही कपाटात कुलपात ठेवलीय आणि पुरावा म्हणून एका पानाचा फोटो मला पाठवलाय. शेवटी लिहितात, ‘आम्ही तिला सांगितलं, आधी डॉक्टर हो. न्यूरोलॉजिस्ट झालीस की सीलचा मेंदू बघ नाहीतर देवमाशाचा. मॅडम, तुम्ही तिला चार शब्द सांगा.’

नमस्कार. चार शब्द सांगते, पण तुम्हाला.

४३१ चं मला फारसं काही वाटलं नाही. खटकली ती कुलपातली वही. मोबाइल काढून घेणारे पालक मला आठवड्याला भेटतात, वही जप्त करणारे तुम्ही पहिलेच. पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय. मुलगी काय म्हणाली, याचं एकही वाक्य नाही. तिचं म्हणणं मला कळलं ते फोटोतल्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून. पोरगी अभ्यासातून भरकटली म्हणता, पण ती भरकटून अभ्यासातच गेलीय की हो!

पानावर दोन मेंदू आहेत, वरून पाहिलेले. एक कुत्र्याचा, लांबट. दुसरा सीलचा, गोलसर आणि घड्यांनी गच्च. सीलच्या मेंदूच्या टोकाशी वासाचा भाग तिने इवलासा काढलाय, तो तसाच असतो. पुढच्या बाजूच्या एका घडीवर बाण आहे आणि खाली लिहिलंय, ‘मिशा आधी की वल्ही आधी?’

मला हे झेपेना. दोन संध्याकाळी वाचत बसले, तेव्हा उलगडलं. सील हा मांसाहारी प्राण्यांच्या कुळातला, अस्वल आणि पाणमांजर हे त्याचे नातलग. पूर्वज जमिनीवरचे, पायांनी चालणारे. मग पाण्यात उतरताना आधी काय बदललं? मेंदू तर दगडात टिकत नाही. पण कवटीच्या आतल्या बाजूवर त्याच्या घड्यांचा ठसा उरतो. त्या पोकळीचं सीटी स्कॅन करून मेंदूचा साचा उभा करता येतो. युरोपात पोटामोथेरियम नावाच्या प्राण्याचे सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेत. बरीच वर्षं त्याला पाणमांजराच्या गोतावळ्यात धरत. आता तो सीलच्या मुळाजवळचा मानतात. त्याला वल्ह्यांसारखे पाय नव्हते, चांगले चार पाय होते. तरी २०२३ साली त्याच्या मेंदूचा साचा तपासला, तर तुमच्या मुलीने बाण काढलेली घडीच फुगलेली निघाली. मिशांचा स्पर्श तिथे पोचतो. म्हणजे वल्ही यायच्या आधीच तो पाण्यात मिशांनी भक्ष्य चाचपत असावा. त्या मिशा काय चीज आहेत, तेही पाहा. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी एका सीलचे डोळे झाकले आणि पाण्यातून एक छोटी पाणबुडी सोडली. पाण्यात राहिलेल्या खळबळीवरून, नुसत्या मिशांनी माग काढत सील तिच्या मागे गेला. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालंय.

आता तुमचा गैरसमज. मेंदूची आवड म्हणजे न्यूरोलॉजी, आणि न्यूरोलॉजी म्हणजे एमबीबीएस, हे तुम्ही गृहीत धरलंत. न्यूरोलॉजिस्टसमोर माणसाचा मेंदू असतो आणि तोही बिघडलेला. तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे: एका प्राण्याचा मेंदू दुसऱ्यापेक्षा वेगळा का झाला, आणि कधी? त्याचं उत्तर प्राणिशास्त्रज्ञ, जीवाश्म अभ्यासणारे आणि पशुवैद्य शोधतात. एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम, अशी दहा-बारा वर्षं रुग्ण तपासल्यावर ती सीलकडे वळेल, हे तुम्हालाही खरं वाटत नसणार. मुलीला गप्प करायला दिलेलं ते आश्वासन आहे. तिला ते कळलंय, म्हणून तर ती मागच्या पानांवर चित्रं काढते.

आणि हे ‘परदेशातलं खूळ’ नाही. देवमाशाचा जमिनीवरचा नातलग इंडोह्युस जम्मू-काश्मीरमधल्या राजौरीकडच्या दगडांत सापडला. ते दगड गोळा केले रंगा राव या भूशास्त्रज्ञाने. त्याच्या पश्चात अमेरिकेत ते साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि आत देवमाशासारखं कानाचं जाड हाड दिसलं. प्राचीन देवमाशांच्या मेंदूचे साचे कच्छमध्येही मिळालेत. सुनील बाजपेयी, थेविसेन आणि अशोक साहनी या जीवाश्म अभ्यासणाऱ्यांनी त्यावर १९९६ मध्येच लिहिलंय.

मुलीलाही दोन गोष्टी सांगायच्यात. बाई गं, कोपऱ्यात ‘सील, डॉल्फिन, डुगाँग: एक कुटुंब’ लिहिलंयस, ते साफ चूक. डॉल्फिन पाणघोड्याकडचा, डुगाँग म्हणजे समुद्रगाय हत्तीकडची. तीन घरांतून तिघे वेगवेगळे समुद्राला आलेत. डॉल्फिनच्या मेंदूवर घड्याच घड्या आणि वासाचा भाग गायब, डुगाँगचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत. सगळ्यांना एका घरात कोंबलंस तर तुझा स्वतःचाच प्रश्न मरतो. दुसरं, आपल्या समुद्रात सील नाहीत. सीलवरच काम करायचं तर आज ना उद्या बाहेर जावं लागेल, आणि तिथेही गोंडस पिल्लं कमी, संख्याशास्त्र आणि कुजका वास जास्त. कोकण किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन वाहून येतात. एखाद्याचं शवविच्छेदन जवळून बघायला मिळालं तर बघ. नाक धरून पळालीस तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

वाटा तुम्हाला गुगलवर मिळतील: आयसर आणि नायसर या सरकारी विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षा, म्हणजे आयसरची आयएटी आणि नायसरची नेस्ट, साधी प्राणिशास्त्राची बीएस्सी, किंवा नीटच्याच गुणांवर पशुवैद्यकीय. फक्त बारावी कोणत्या साली झाली याची अट आयएटी आणि नेस्टला असते, ती आजच तपासा. लातूरला आणखी एक वर्ष घालवलंत तर ही दोन दारं बंद होऊ शकतात, आणि क्लासवाला ते सांगणार नाही.

वही आज रात्रीच परत द्या, काही न बोलता. पुढचं पत्र तिने लिहायचं, तिन्ही घरांचे मेंदू वेगवेगळे काढून. तुम्ही फक्त पाठवायचं.