अर्ज मार्गदर्शकांच्या नावाचा, मसुदा तुमचा: मग वर्ष द्यावे का?

पत्र: मी मूळची बीड जिल्ह्यातील. माझे आजी-आजोबा ऊसतोडीला जात. सध्या कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरे वर्ष चालू आहे. लेमिंग्टन परिसरातील हरितगृहांत राबणाऱ्या हंगामी परदेशी मजुरांना मदत करणाऱ्या एका लहान संस्थेत मी दीड वर्ष शनिवार-रविवारी काम करते. आजारी मजूर डॉक्टरपर्यंत पोचतच नाही, ही तिथल्या समन्वयकांची नेहमीची तक्रार. माझ्या मार्गदर्शक म्हणतात की या संस्थेला बरोबर घेऊन भागीदारी अनुदानासाठी अर्ज करू, मसुदा तू लिही. योजना तीन आहेत, कोणती निवडावी? अर्ज माझ्या नावावर करता येईल का? वडील फोनवर विचारतात, ‘दुसऱ्याच्या नावाच्या अर्जासाठी तू वर्ष का घालवतेस?’

उत्तर:

आपल्या वडिलांचा प्रश्न रोखठोक आहे, म्हणून आधी तोच घेतो. कॅनडाची सामाजिक विज्ञाने व मानव्यविद्या संशोधन परिषद, जिला तिकडे सगळे ‘शर्क’ म्हणतात, तिच्या या योजनांमध्ये शिक्षणक्रमाला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला अर्जदार किंवा सहअर्जदार होता येत नाही. पीएच.डी. झाल्यावर एखाद्या पात्र विद्यापीठाशी रीतसर संलग्न झालात, तर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर, असतानाही अर्ज करता येतो; आज मात्र अर्ज मार्गदर्शक बाईंच्याच नावाने जाईल. त्यात अन्याय आहे असे मला वाटत नाही. पैशांचा हिशेब, माणसांवरील संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि भागीदार संस्थेला दिलेला शब्द यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचेच नाव वर असावे. अन्याय होतो तो मसुदा लिहिणाऱ्याचे काम कुठेच नोंदले जात नाही तेव्हा, आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

आता योजना. पार्टनरशिप ग्रँट ही सर्वांत मोठी. ४ ते ७ वर्षांसाठी २५ लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळते, परंतु अर्ज दोन टप्प्यांत होतो आणि एकूण अनुदानाच्या किमान ३५ टक्क्यांइतका वाटा विद्यापीठाने व भागीदारांनी रोख किंवा वस्तुरूपाने, सेवारूपाने उभा करावा लागतो. तो डोंगर आहे. दोन-तीन पगारी माणसांवर चालणाऱ्या संस्थेने आणि एका प्राध्यापिकेने त्याच्या वाटेला जाऊ नये. मधली पार्टनरशिप डेव्हलपमेंट ग्रँट १ ते ३ वर्षांची, ७५,००० ते २,००,००० डॉलरची. पार्टनरशिप एन्गेज ग्रँट ७,००० ते २५,००० डॉलरची आणि एका वर्षाची असते. तीत विद्यापीठाबाहेरची एकच भागीदार संस्था असते आणि त्या संस्थेला आज भेडसावणाऱ्या प्रश्नावर काम करायचे असते. अर्ज वर्षातून चार वेळा घेतले जातात. आपले प्रकरण मला निःसंशय याच योजनेचे दिसते. ‘एवढ्या थोड्या पैशांत काय होणार’ असे मार्गदर्शक बाई म्हणण्याची शक्यता आहे. त्यांना नम्रपणे सांगावे की वर्षभरात एकत्र काम करून दाखवले, तर पुढे मधल्या योजनेच्या अर्जात लिहायला ठोस काही असेल.

परिषदेचे परीक्षक तीन गोष्टी तपासतात: प्रश्नाचे मोल, आराखडा पार पडण्याची शक्यता आणि करणाऱ्यांची कुवत. विद्यार्थ्यांनी लिहिलेले जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात ते बहुधा पहिल्याच ठिकाणी अडखळतात, कारण त्यांतला प्रश्न भागीदाराचा नसून प्रबंधाचा असतो. आपल्या बाबतीत हा मोह अधिक आहे. लेमिंग्टनचा मजूर पाहिला की आपल्याला कोयता, टोळी, मुकादम आणि उचल आठवणारच. कॅनडाचा हंगामी शेतमजूर कार्यक्रम १९६६ साली जमैकाबरोबर सुरू झाला आणि १९७४ मध्ये मेक्सिको त्यात आला. मजुराला वर्षात जास्तीत जास्त ८ महिने काम मिळते, १५ डिसेंबरपर्यंत त्याला मायदेशी परतावे लागते, त्याचा कामाचा परवाना मालकाशी जोडलेला असतो आणि पुढच्या हंगामात कोणाला बोलवायचे ते मालक नावानिशी कळवू शकतो. आपल्याकडे माणूस उचलीच्या कर्जाने बांधला जातो, तिथे परवान्याने आणि पुढच्या वर्षीच्या बोलावण्याच्या आशेने. ही तुलना मलाही वाचायला आवडेल, पण ती प्रबंधात करावी. समन्वयकांचा प्रश्न अगदी साधा आहे: आजारी माणूस दवाखान्यात का जात नाही? गाडीसाठी मालकाला विचारावे लागते म्हणून, भाषा येत नाही म्हणून, दिवसाची मजुरी बुडते म्हणून, की पुढच्या वर्षी नाव वगळले जाईल या भीतीने? आणि यांतल्या कोणत्या अडचणीवर त्यांची लहानशी संस्था काही करू शकेल? हाच प्रश्न अर्जाचा गाभा असू द्यावा आणि तो शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडावा.

यासाठी मसुदा लिहायला बसण्याआधी समन्वयकांबरोबर दोन-तीन बैठका कराव्यात आणि त्यांत वही त्यांच्या हातात असावी. वर्षअखेर त्यांना हातात काय हवे आहे ते विचारावे. स्पॅनिशमधले पत्रक हवे आहे, आरोग्य विभागापुढे ठेवण्यासाठी टिपण हवे आहे, की स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण हवे आहे? शोधनिबंध त्यांच्या यादीत बहुधा नसेल, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. निष्कर्ष लोकांपर्यंत कसे पोचवणार हे अर्जात सांगावेच लागते; त्याचे उत्तर या बैठकांतून आपोआप मिळेल.

त्यांच्या वेळेचा हिशेबही याच टप्प्यावर करावा. भागीदाराने दिलेली जागा, कर्मचाऱ्यांचे तास, दुभाषाची मदत यांचे पैशांत मोल करून ते योगदान म्हणून दाखवता येते. मात्र कागदावर आकडा मोठा दिसावा म्हणून त्यांना झेपणार नाहीत इतके तास लिहून घेणे हा मी प्रामाणिकपणाचा भंग मानतो. हंगाम भरात असताना समन्वयकांना जेवायलाही उसंत नसते, हे आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. संस्थेच्या सहभागाचे पत्रही आपण लिहून त्यांची केवळ सही घेऊ नये. एकाच हाताचे दोन कागद अनुभवी परीक्षकाला सहज ओळखू येतात.

मजुरांच्या मुलाखतींपूर्वी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल आणि ती मिळायला लागणारा वेळ आराखड्यात धरावा. ज्याचे पुढच्या वर्षीचे काम मालकाच्या मर्जीवर आहे, त्याच्याशी हरितगृहाच्या आवारात किंवा मालकाने दिलेल्या निवासात बोलणे धोक्याचे आहे. नाव वगळले तरी गाव, वय आणि पीक यांवरून माणूस ओळखता येतो. भेट कुठे होणार आणि टिपणे कोणाकडे राहणार हे नेमकेपणाने लिहावे. खर्चाचा तक्ता आणि परिचयपत्र यांसाठी विद्यापीठाचे संशोधन कार्यालय मदत करते; त्यांची अंतर्गत मुदत परिषदेच्या मुदतीआधी येते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या स्वतःच्या हिताविषयी. या अनुदानातून संशोधन साहाय्यक म्हणून विद्यार्थ्याला मानधन देता येते, किंबहुना विद्यार्थ्यांना काय शिकायला मिळणार हे अर्जात सांगणे अपेक्षितच असते. तेव्हा मार्गदर्शक बाईंशी चार गोष्टी आताच बोलून घ्याव्यात: खर्चाच्या तक्त्यात आपल्यासाठी किती तास आहेत, जमलेली माहिती प्रबंधात वापरता येईल का, लेखांवर नावे कोणत्या क्रमाने येतील, आणि अनुदान न मिळाल्यास मसुद्यावर पुढे काम करण्याचा हक्क कोणाचा. बैठकीनंतर ‘आपले असे ठरले, असे मी समजते’ एवढा ई-मेल पाठवावा. आपल्याकडे गुरूला असे लेखी विचारणे उद्धटपणाचे वाटते. तिकडे ते रोजचे आहे. बाईंनी हे बोलणेच टाळले, तर मसुदा लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडिलांना सांगावे की वर्ष लागणार नाही. बैठका धरून लहान अर्जाला तीन ते चार महिने पुरतात, तेही आठवड्याचा एखादा दिवस देऊन. त्याहून जास्त वेळ जाऊ लागला तर प्रबंधाला धक्का लागेल. मजूर डिसेंबरच्या मध्यापर्यंत परततात, तेव्हा संस्थेला थोडी उसंत मिळेल. पहिली बैठक त्यानंतरच्या आठवड्यात ठेवावी, आणि समन्वयकांना आजच विचारून ठेवावे की तेव्हा त्या गावात असतील ना.