आधी पत्ता, मग बाकी सगळं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बर्लिनची नोकरी घेतलीस, छान केलंस. घर बंगळुरूतूनच ठरवू का, आरोग्य विमा कुठला, सोबत काय आणू, असं सगळं एका दमात विचारलंयस. फोनवर सांगितलं की तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि विसरतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

सगळं अडतं ते पत्त्यापाशी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला 'ही माझ्याकडे राहायला आली आहे' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो द्यायला का-कू करणारा मालक असेल तर घर कितीही आवडलं तरी सोड. बर्लिनमध्ये नोंदणीची वेळ मिळता मिळत नाही, पण शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरिकांची कामं करणारं सरकारी ऑफिस, चालतं.

मग काही आठवड्यांनी टॅक्सचा नंबर पोस्टाने येतो. इथे जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. तेव्हा पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर चिठ्ठी चिकटव. नंबर लांबला तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जबर टॅक्स कापला जाऊ शकतो. पुढे हिशेबात परत मिळतो म्हणा, पण नेमकी डिपॉझिटच्या महिन्यात ओढाताण होते.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याचं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. पण घर न बघता एक युरोही पाठवू नकोस. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो" असं लिहिणारा मालक भामटाच समज. पहिले दोन-तीन महिने नोंदणी करू देणारी, सामानासकट खोली घे आणि इथे येऊन घर शोध.

रिकामं घर म्हणजे इथे अक्षरशः रिकामं. श्टुटगार्टच्या आमच्या पहिल्या घरात ओटा नव्हता, सिंक नव्हतं, भिंतीतून नळाचं नुसतं तोंड बाहेर आलेलं आणि छताला दिव्याच्या जागी लोंबत्या वायरी. जाहिरातीत आइनबाउक्युशे लिहिलेलं असेल तर किचन बसवलेलं आहे असं समजायचं.

विमा सरकारीच घे. तुझ्या वयात खासगी स्वस्त दिसेल, पण एकदा तिकडे गेलं की परतणं महाकठीण, शिवाय तिथे घरातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा.

आई म्हणते, कुकर इंडक्शनवर चालणारा आण आणि रिंगा दोन जास्तीच्या. लोणचं नको, ती देणार आहे.

घर मिळालं की तारीख कळव, ड्रिल घेऊन येतो. फक्त रविवार नको. रविवारी भिंतीला भोक पाडलं तर शेजारी थेट पोलिसांना फोन करतात.

तुझा,
बाबा